कलम सात आणि एक्केचाळीस नवरदेव

सोमवार, १९ जानेवारी २००४

साताऱ्याहून पत्र आले. मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली. एकशे वीस मुली, राहायला दोन खोल्या, हजर व्हायचे १ जूनला. वयाची मर्यादा बासष्ट, मला साठ पूर्ण. चौसष्ट साली बी.ए. झाले तेव्हा असेच एक पत्र आले होते. बाबांनी ते वाचले, घडी घातली, कपाटात ठेवले आणि कपाटाला कुलूप लावले. आता कपाट माझे आहे आणि किल्लीही.

अट एकच. हजर होताना मी कोणत्याही धंद्यात भागीदार नसल्याचा कागद द्यायचा. म्हणजे 'सुमंगल रुखवत केंद्र' बंद केले पाहिजे. केंद्राच्या भागीदार दोघीच, मी आणि मालनबाई. वीस वर्षांपूर्वी मखमलाबाद नाक्यावर त्यांच्या घराच्या रस्त्याकडच्या खोलीत सुरू केले. सुपारीचे नवरा-नवरी, खडीसाखरेचे तुळशीवृंदावन, बत्ताशांचा किल्ला, लग्नात मांडायचे असले सगळे मालनबाई करतात. त्यावर ठेवायच्या पाट्यांचा मजकूर, ऑर्डरी, वह्या आणि शिस्त माझ्याकडे.

सध्या सिंहस्थ चालू आहे. नाशकात लग्ने नाहीत, लोक पुढे ढकलतात नाहीतर बाहेरगावी उरकतात. बंद करायला याहून बरा काळ नाही. उद्या सांगते, परवा सही. आठवड्याचे काम.

शाळेच्या कार्यालयात अठ्ठावीस वर्षे नोंदी ठेवल्या, या कामाचीही असावी म्हणून ही वही. पाने फार लागणार नाहीत.

मंगळवार, २० जानेवारी

मालनबाई सुपारीला डोळे काढत होत्या. मी पत्र वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, "लय चांगलं झालं. जा तुम्ही."

"जाण्याआधी केंद्र मोडायचे. तुमची सही लागेल."

"सिंहस्थात सही? नाय बाई."

"सिंहस्थात लग्न करत नाहीत. आपल्याला कुठे लग्न करायचेय? आपल्याला मोडायचेय."

"मोडनं तर त्याहून वाईट. गुरू सिंहेतनं बाहेर पडू द्या, मग बघू."

"केव्हा पडतो?"

"ऑगस्टात," म्हणाल्या, आणि सुपारीला दुसरा डोळा काढला.

मग उगाच आठवल्यासारखे बोलल्या, "नायतर तुमच्या जागी आमच्या शुभांगीला घ्या. बी.कॉम. हाय ती."

शुभांगी त्यांची सून. मी कराराचे कलम सात तोंडपाठ म्हटले: 'कोणत्याही भागीदाराचा नातेवाईक केंद्रात भागीदार होणार नाही.' हे कलम मी स्वतः घातले आहे. नातेवाईक आले की हिशेब जेवणाच्या ताटावर होतात. हे मी जरा मोठ्याने सांगितले. शुभांगी चहाचे कप न्यायला दारात उभी होती, कप घेऊन आत गेली. पोरगी येवल्याची, गरीब स्वभावाची. तोंडातून शब्द फुटत नाही. अशा मुलीला भागीदार करून ऑर्डर देणाऱ्या विहिणींसमोर उभी केली तर पाच मिनिटांत वितळून जाईल.

मंगळवार, २७ जानेवारी

सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टाबाहेर दस्त लिहिणाऱ्या गोटीरामकडे गेले. त्याने आमचा चौऱ्याऐंशीचा करार दोनदा वाचला.

"बाई, हा लिहिला कुणी?"

"मी."

"मजबूत आहे."

मी आभार मानले. मग त्याने कलम अकरावर बोट ठेवले. केंद्र मोडायचे तर दोन्ही भागीदारांनी केंद्राच्याच जागेत, दोन साक्षीदारांसमोर, एकाच वेळी सही करायची. एकीने बाहेर पडायचे तरी तेच. त्या वेळी मला खात्री होती की मालनबाई दोन महिन्यांत कंटाळून पळतील. त्यांना बांधून ठेवायला मी ते कलम केले. वीस वर्षांत त्या एकदाही पळाल्या नाहीत.

"एकटीने मोडता येणार नाही असे करार मी फार थोडे पाहिले," गोटीराम म्हणाला. "तरी रजिस्टर पत्राने नोटीस द्या. माणूस घाबरतं."

रविवार, १ फेब्रुवारी

मालनबाईंचा मुलगा वाल्मीक फार समंजस निघाला. अंबडला कारखान्यात सुपरवायझर आहे. आज सुट्टी असून त्याने मला स्कूटरवरून नोटीस टाइप करायला नेले. "मॅडम, आईचं वय झालं. तिला आता आराम पाहिजे. तुम्ही सुटा, तिलाही सोडवा." आईविषयी इतका कळवळा हल्ली दिसत नाही.

परत आल्यावर त्याने केंद्राची खोली टेपने मोजली. मी विचारले तर म्हणाला, सहज. त्याला बांधकामाची आवड असावी. ही खोली त्याचे वडील केरूभाऊ यांनी केंद्राला दिलेली. गेले बिचारे. 'केंद्र चालू आहे तोवर खोली केंद्राची' असे त्यांनी सही करून लिहून दिले आहे. तो कागद मीच फाइल केला.

शुभांगी खोलीत केर काढत होती. टेपचे दुसरे टोक धरायला त्याने तिला सांगितले, तर टोक दोनदा तिच्या हातून सुटले. कामात लक्ष नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

नोटीस परत आली. पाकिटावर शेरा: 'घर बंद.'

ज्या दिवशी पोस्टमन गेला त्या दिवशी मी स्वतः तिथे होते. मालनबाई दारात मेथी निवडत बसल्या होत्या. पोस्टमनने त्यांच्याशी पंधरा मिनिटे गप्पा मारल्या, मेथीची एक जुडी घेतली आणि गेला. मी आज त्याला गाठले.

"घर बंद कसे? त्या समोर बसल्या होत्या."

"बाई, त्या दाराबाहेर होत्या. घराचं दार लोटलेलं होतं."

त्याच्या थोरलीचे रुखवत आम्हीच केले होते. नव्वद साली. पाट्या माझ्या होत्या, पण मेथी मालनबाईंची.

दुसरी नोटीस पाठवली.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

दुसरीही 'घर बंद'. वर मालनबाई मला विचारतात, "काय हो, तुमचं काय पत्र यायचं होतं का?"

ऑर्डरी कमी होण्याऐवजी वाढताहेत, ही नवी कटकट. लग्ने बाहेरगावी होत असल्याने लोकांना रुखवत एसटीतून न्यावे लागते आणि वाटेत किल्ले कोसळतात. मालनबाईंनी पत्र्याच्या ट्रंकेत बसणारे रुखवत काढले आहे. आत कप्पे, प्रत्येक वस्तूला कापडाची खोबण, झाकण उघडले की तीच मांडणी. सुपारीच्या नवऱ्या मुलींच्या अंगावर पैठणीचे कातरण. आडगावच्या मंगलाबाई एकदम तीन ट्रंका सांगून गेल्या. मालनबाईंना हे कसे सुचले कळत नाही. या बाईने आजवर साधी भाजीची पिशवी नीट भरलेली नाही. आणि पैठणीचे कातरण आणले कुठून, तर "येवल्याहून येतं" एवढेच म्हणाल्या.

रविवार, १४ मार्च

सरळ मार्गाने काम होत नाही. गिऱ्हाईक तोडले तर मालनबाई आपोआप कागदावर येतील, असा विचार करून मी या आठवड्यात पाट्यांचा मजकूर बदलला. हे लिहिताना मला थोडी लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

किल्ल्यावर: 'जावईबापूंनी वाढलेले सगळे संपवावे. उष्टे टाकणाऱ्यास पुन्हा वाढले जाणार नाही.'

तुळशीवृंदावनावर: 'विहीणबाईंनी मांडवात मोठ्याने बोलू नये. घरी वेळ भरपूर मिळतो.'

नवरीवर: 'मुलगी शिकलेली आहे. तिला पुन्हा शिकवण्याच्या भानगडीत पडू नये.'

हे मंगलाबाईंच्या भाचीच्या लग्नात मांडले गेले. आज त्या धडधडत आल्या. मी मनात म्हटले, झाले.

"वत्सलाबाई, त्या पाट्या तुम्ही लिहिल्या?"

"हो. तक्रार असेल तर लेखी द्या."

"अहो तक्रार कसली. नवऱ्या मुलाच्या आजीनं तिसरी पाटी मागून घेतली. स्वयंपाकघरात लावलीय. माझ्या पुतणीलाही असल्याच पाहिजेत, याहून कडक."

लोकांना काय झाले आहे कळत नाही. चार नव्या ऑर्डरी. सगळ्यांना कडक.

मंगळवार, ६ एप्रिल

मी कागद आणि दोन साक्षीदार घेऊन अचानक केंद्रात गेले. मालनबाईंच्या उजव्या अंगठ्याला ही जाड पट्टी.

"काय झाले?"

"विळीवर गेला. पेन धरवत नाय."

"मग डाव्या अंगठ्याचा ठसा द्या. चालतो. गोटीरामने सांगितलेय."

त्या आत गेल्या. पाच मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा डाव्या अंगठ्यालाही पट्टी होती.

"हा कशाने?"

"तीच विळी."

साक्षीदार हसले. शेजारचेच ते. मी त्यांना समज दिली आणि घरी पाठवले. मी निघाले तेव्हा मालनबाई दोन्ही अंगठ्यांच्या पट्ट्यांसकट बत्ताशांवर बत्तासे रचत होत्या. बुरूज अगदी ओळंब्यात.

वाल्मीक रस्त्यापर्यंत सोडायला आला. "मॅडम, लवकर करा. महिनाअखेरपर्यंत व्हायलाच पाहिजे." माझ्या नोकरीची माझ्याहून त्याला काळजी.

गुरुवार, २२ एप्रिल, अक्षय तृतीया

सकाळी मालनबाईंचा निरोप. "या. आजच्या दिवसाला मुहूर्त बघावा लागत नाय. वाटणी करू, मग सही." मी नवे लुगडे नेसून गेले. चौसष्ट सालापासून मी एखाद्या सकाळी इतकी खूश नव्हते.

कराराचे कलम नऊ: तयार माल दोघींत समसमान. मी म्हटले, वीस जोड्या तुम्हाला, वीस मला, उरलेली एक देवळात देऊ. सुपारीच्या नवरा-नवरीच्या एक्केचाळीस जोड्या तयार आहेत.

"नाय," मालनबाई म्हणाल्या. "समसमान म्हणजे समसमान. तुमच्या वीस जोड्या चांगल्या निघाल्या आन् माझ्या वाईट तर? हरेक जोडी फोडायची. एक तुम्ही, एक मी."

"जोडी फोडून विकायची कुणाला?"

"ते करारात नाय लिहिलेलं. तुम्हीच म्हनता ना, जे लिहिलं तेच."

मी म्हणते खरी.

"मग नवऱ्या मला द्या," मी म्हटले. नवऱ्यांना निदान पैठणीचे कातरण आहे.

"त्यांचे केस मी विंचरलेत. नवऱ्या माझ्या. नवरदेव तुम्ही घ्या."

एक्केचाळीस नवरदेव मोजून टोपलीत घेतले. मी पोच लिहून दिली. मग कागद पुढे केला तर मालनबाई म्हणाल्या, साक्षीदार? दोन्ही शेजारी आमरस खाऊन झोपले होते. हलवून उठवले तर एक उठला, बसून पुन्हा झोपला.

रिक्षाने घरी आले. रामवाडीच्या पुलावर रिक्षा आदळली आणि टोपली कलंडली. रिक्षावाल्याने मागे वळून पाहिले. "मावशी, सगळे एकाच घरचे का?" मी त्याला रस्त्याकडे बघायला सांगितले.

घरमालकीण भागुबाई जिन्यातच उभ्या. त्यांनी टोपलीत डोकावून बघितले. "वत्सलाबाई, साठ वर्षं एक केला नाही आन् आता एकदम एवढे?"

नवरदेव खिडकीत ओळीने मांडले. फेट्यांना ऊन लागू नये म्हणून पडदा ओढला.

शनिवार, २४ एप्रिल

ओझरहून अकरा जोड्यांची ऑर्डर. आगाऊ घेतलेली, नाही म्हणता येत नाही. नवरदेव परत न्यावे लागले. अकराच न्यायचे होते, पण उरलेले तीस एकटे खिडकीत बरे दिसेनात, म्हणून सगळे नेले. मालनबाईंनी माझी पोच परत दिली आणि मी त्यांच्याकडून माल परत मिळाल्याची पोच घेतली. चाळीसच भरले. एकाचा फेटा सापडला, नवरदेव नाही.

"पळाला," मालनबाई म्हणाल्या. "कलम अकरा त्याला लावलं नव्हतं."

सोमवार, १० मे

आज जे झाले ते नीट लिहिले पाहिजे.

नेहमीपेक्षा तासभर लवकर गेले. केंद्रात वाल्मीक आणि दोन अनोळखी माणसे होती. एक जण भिंतीवर खडूने चौकोन काढत होता. मला वाटले रंगकाम. मी दाराबाहेरच चपला काढत होते.

"मशीन इथं बसेल," खडूवाला म्हणाला. "दार काचेचं. पण जागा कधी मोकळी होणार?"

"मॅडमची सही झाली की संस्था खलास," वाल्मीक म्हणाला. "मग वडिलांच्या चिठ्ठीला अर्थ नाही. एक जूनपासून घ्या."

"आणि आई?"

"आई बसेल मागच्या पडवीत. तिला काय, भाजी निवडायची. वीस वर्षं ह्या सुपाऱ्यांनी पुढची खोली अडवलीय."

बँकेचे पैसे काढायचे मशीन. त्याचे भाडे येणार. मी आत गेले. दोघे अनोळखी खडू खिशात घालून निघून गेले.

"वाल्मीक, हे आईला माहीत आहे?"

"आईला काय सांगायचं? तिचंच चांगलं आहे."

"आणि मला सांगायचे नव्हते?"

"मॅडम, तुम्ही तर जाताय," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, अगदी साधेपणाने. "तुम्ही गेल्यावर इथं काय बसतं, तुम्हाला काय फरक पडतो?"



तीन महिने मी याच्या स्कूटरवर बसत होते.

परत निघताना शुभांगी फाटकापर्यंत आली. पहिल्यांदाच तिने आपणहून तोंड उघडले. "बाई, पुढच्या खोलीत आई मालनबाई असतात. मागच्या पडवीत गेल्या की नुसत्या सासूबाई होतील." एवढे बोलून आत गेली. वाक्य बरे केले होते. मुलगी अगदीच मंद नाही.

मंगळवार, ११ मे

साताऱ्याचे पत्र काढून पुन्हा वाचले. एकशे वीस मुली. मी त्यांचे उठण्याचे वेळापत्रकसुद्धा करून ठेवले आहे.

सही मिळवली तर मालनबाईंची खोली जाते. नाही मिळवली तर माझे पत्र पुन्हा कपाटात. या वेळी कुलूप मीच लावायचे.

मालनबाईंना हे मशीनचे माहीत असेल का? नसणार. असते तर सरळ बोलल्या असत्या. बिचाऱ्या सिंहस्थ आणि विळी यांच्याच आधाराने बसल्या आहेत. भोळी बाई.

गुरुवार, १३ मे

काही सुचत नाही. केंद्रात बसून पाट्या लिहिल्या. शुभांगी जुन्या फायली झटकत होती. करार हातात घेऊन म्हणाली, "बाई, एक विचारू? हे कलम सात कुणी घातलं?"

"मी."

"मग ते काढायचं झालं तर सरकारला विचारावं लागतं का?"

"सरकारचा काय संबंध? दोघी भागीदारांनी ठरवायचे. मी घातले, मी खोडू शकते. त्यात कठीण काय?"

"नाही, आपली माहिती असावी म्हणून," म्हणाली आणि करार त्याच पानावर उघडा ठेवून फडके धुवायला गेली. फायली अशा उघड्या टाकू नयेत हे तिला सांगायला हवे.

शुक्रवार, १४ मे

सकाळी दात घासताना मला एक कल्पना सुचली. माझीच, कुणी सुचवलेली नाही, म्हणून वेळ लिहून ठेवते. सहा वाजून दहा मिनिटे.

केंद्र मोडायचेच नाही. मी बाहेर पडायचे आणि त्याच कागदावर माझ्या जागी दुसरी भागीदार घ्यायची. केंद्र चालू राहिले की केरूभाऊंची चिठ्ठी चालू राहते, खोली मालनबाईंची. मी मोकळी. प्रश्न एवढाच की दुसरी कोण. बाहेरची आणली तर वाल्मीक तिला दोन महिन्यांत हुसकेल. घरातली हवी, जिला घरातून हुसकता येत नाही अशी.

शुभांगी.

आड येते ते कलम सात. ते मी खोडणार. तत्त्व सोडायचे नसते हे खरे, पण तत्त्व माझे आहे, इतर कुणाचे नाही.

शनिवार, १५ मे

मालनबाईंना सांगितले. मला वाटले उडी मारतील. त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले.

"नातेवाईक? नको बाई. तुम्हीच म्हनता ना, हिशेब ताटावर होतो."

"तो माझा जुना विचार झाला."

"आन् शुभांगीला काय येतं? तोंडातनं शब्द फुटत नाय."

"तिला बोलता येते. परवा माझ्याशी तिने चांगली दोन वाक्ये केली. हिशेब जमेल, बी.कॉम. आहे."

"विहिणी खाऊन टाकतील तिला."

"मी पंधरा दिवसांत तयार करते तिला. माझ्यावर सोडा."

मालनबाई सुपारीच्या नवरीचा पदर सारखा करत राहिल्या. "तुम्ही एवढं म्हनताय म्हनून," शेवटी म्हणाल्या. "माझं मन नाय. पन तुमचा शब्द कसा मोडायचा?"

दीड तास लागला पटवायला. घसा बसला. सिंहस्थाचे काय, विचारले तर म्हणाल्या, नवी भागीदार घेणे म्हणजे मोडणे नाही, त्याला गुरू आड येत नाही.

शुभांगीला बोलावून सांगितले. तिने पदर सावरून मला वाकून नमस्कार केला. "जमेल का मला, बाई?" मी म्हटले, मी सांगेन तसे केलेस तर जमेल.

मंगळवार, १८ मे

गोटीरामकडे मसुद्यासाठी गेले. तासाभरात टाइप करून दिला. शुभांगीचे पूर्ण नाव, तिच्या वडिलांचे गाव, शिक्षण, जन्मतारीख, सगळे बरोबर. मला काहीच सांगावे लागले नाही. अनुभवी माणूस.

गुरुवार, २० मे

सह्या झाल्या. केंद्राच्या जागेत, दोन साक्षीदारांसमोर, एकाच वेळी. साक्षीदार सकाळी अकरालाच आंघोळी करून हजर. मालनबाईंचे दोन्ही अंगठे बरे. त्यांची सही मी वीस वर्षांत इतकी सुबक पाहिलेली नव्हती.

कलम सात मी माझ्या हाताने खोडले आणि त्या जागी नवे घातले: 'नातेवाईक असल्याच्या कारणाने कोणासही कोणतीही सवलत मिळणार नाही.'

वाल्मीक दुपारी अंबडहून अर्धी रजा टाकून आला. त्याला वाटले आज केंद्र मोडतेय. सोबत तो खडूवाला होता.

"झाली का सही, मॅडम?"

"झाली. मी आता भागीदार नाही."

त्याने खडूवाल्याकडे पाहून मान हलवली. मग मी त्याला नव्या भागीदाराचे नाव सांगितले.

"शुभांगी?" तो बायकोकडे बघत राहिला. "हिला कुठं काय येतं?"

शुभांगीने हातातला कप खाली ठेवला आणि केरूभाऊंची चिठ्ठी पहिल्या ओळीपासून तारखेपर्यंत, कागद न पाहता म्हणून दाखवली. एकही शब्द चुकला नाही. मग खडूवाल्याला म्हणाली, "जागा मोकळी नाही. भिंतीवरचा खडू पुसून जा. फडकं तिथं आहे."

त्याने पुसला.

वाल्मीक तोंड आंबट करून आईकडे वळला. "आई, तुला तरी कळायला पाहिजे होतं."

"मला काय कळतंय रे," मालनबाई म्हणाल्या. "सगळं वत्सलाबाईंनी केलं. मी तर नकोच म्हनत होते. विचार त्यांना."

मी सांगितले की हे अक्षरशः खरे आहे, त्यांनी दीड तास विरोध केला. तो घरात गेला. थोड्या वेळाने आतून त्याचा आवाज आला, चहा आहे का. शुभांगी म्हणाली, केंद्राची वेळ सहापर्यंत आहे, गाळणी फळीवर आहे.

साताऱ्याला पत्र टाकले. १ जूनला हजर होते. कागदाची प्रत जोडली.

चार वाजता शुभांगीने आतून नवी पाटी आणून दारावर लावली. 'सुमंगल रुखवत केंद्र. भागीदार: मालनबाई व शुभांगी. ट्रंकेतले रुखवत मिळेल.' अक्षरे ठसठशीत, रंग पक्का वाळलेला. सह्या बाराला झाल्या आणि चारला पाटी तयार, म्हणजे नाशकातले पेंटर हल्ली फारच भराभर काम करतात. मी पाटी सरळ करायला उचलली, तर मागच्या बाजूला पेंटरने काम पूर्ण केल्याची तारीख टाकली होती. ५ एप्रिल.

मी शुभांगीला बजावले, ज्याला चालू महिना माहीत नाही अशा निष्काळजी माणसाला पुन्हा काम द्यायचे नाही.

"नाही देणार, बाई," ती म्हणाली.

मालनबाईंना तेवढ्यात जबर ठसका लागला. दोन तांबे पाणी प्यायल्या तरी थांबेना.